सातव्या डब्याचा आकडा

गुरुजी, एक विचारतो. विश्वास कोणावर ठेवावा? माणसावर, यंत्रावर, की स्वतःच्या अक्षरावर?

बसा, बसा. चहा येतो आहे. लाइन गेली की साडेसातशिवाय येत नाही. हा दिवा मीच दुरुस्त केलेला आहे, तो दगा देणार नाही. तुम्ही सारसांची वही आणि सातवा डबा न्यायला आलात, दोन्ही तयार ठेवले आहेत. पण माल हाती देण्याआधी त्यातली खोट गिऱ्हाइकाला सांगायची, हा माझ्या धंद्याचा नियम. आयुष्यात एकाच हंगामात मोडला. ते ऐका, मग डबा उचला.

मी सातवी शिकलेला माणूस. रेडिओ उघडून उघडून जे कळलं तेवढंच माझं शिक्षण. दुकान नवं होतं तेव्हा एक म्हातारी रेडिओ घेऊन आली. म्हणाली, "यात कोणीतरी खाकरते जी, रोज सांजेले." उघडला, तर आत पाल. म्हातारी खूश, मी खूश. तेव्हापासून माझा एक सिद्धांत झाला, की आवाज आला म्हणजे आत काहीतरी असतंच. पाल तरी असेल, नाही तर सुटलेली तार. अख्ख्या केशोरीत मी हा सिद्धांत सांगत फिरलो.

गेल्या दसऱ्यानंतर हर्षा मॅडम दुकानात आल्या. गोंदियाच्या आहेत, सारसांचं काम करतात, तुम्ही ओळखताच. म्हणाल्या, "काका, पक्ष्याचा आवाज वाजवणारं मशीन पाहिजे. बाहेरचं पंचवीस हजारांचं येतं. गावागावात कसं देणार? आप कुछ करो ना."

मी केलं. प्लास्टिकचा जेवणाचा डबा, गाणी वाजवायची छोटी पट्टी, मेमरी कार्ड, खेळण्यातला भोंगा आणि भंगारातल्या लॅपटॉपचे सेल. साडेआठशे रुपयांत काम. भल्या पहाटे बोडीच्या, त्या शेततळ्याच्या, पाळीवर म्हणजे बांधावर बसायचं, बटन दाबायचं, सारसाची हाक जाते. जोडी जवळपास असेल तर आपली हद्द राखायला उत्तर देते. उत्तर आलं की वहीत लिहायचं. मॅडमची सक्त ताकीद होती, एका पहाटे तीनदाच दाबायचं. जास्त वाजवलं तर पक्षी बिचकतो, घरटं सोडून जातो.

आता आपली माणसं तीनावर थांबतील का? म्हणून मी प्रत्येक डब्याला बाजारात मिळतं ते जप मोजायचं यंत्र जोडलं. बटन दाबलं की आवाजही निघतो आणि आकडाही एकाने वाढतो. त्या यंत्राचा बारीक सेल वेगळा आहे, त्यामुळे डब्याचे मोठे सेल काढले तरी आकडा पुसत नाही. आकडा शून्यावर आणायचं बटन मी डिंक भरून बंद करून टाकलं.

आणखी एक चलाखी केली, ती कोणाला सांगितली नाही. गोंदियाला ज्या शेठकडे मी उमेदवारी केली, तो प्रत्येक मालाच्या चिठ्ठीवर खरेदीचा भाव गुप्त अक्षरांत लिहायचा. गिऱ्हाइकाला ती नुसती अक्षरं दिसतात, दुकानदाराला भाव दिसतो. ती सवय मलाही लागली. डब्यांवर चिठ्ठी लावून भागणार नव्हतं, कारण खूण आवाजातच हवी होती. कोणी माझी नक्कल केली, किंवा एका डब्याने हाक आणि दुसऱ्याने उत्तर असा खेळ मांडला, तर मला कळलं पाहिजे. म्हणून हाक संपली की शेवटी, अगदी बारीक, स्टीलच्या पेल्यावर पेचकसाचा ठोका. पहिल्या डब्यात एक, दुसऱ्यात दोन, असे सातव्यात सात. दुकानाचं शटर पाडून, एकट्याने बसून ते ठोके भरले. ठाऊक नसेल त्याच्या कानाला लागायचे नाहीत. डबे सात. आठवा मी बनवला नाही. हे लक्षात ठेवा.

हाक कोणाची भरली? जागेश्वरच्या मोबाइलमधली. दीड कोसावरच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, जागेश्वरची बोडी होती, तिथे सारसाची एक जोडी वर्षानुवर्षं राहायची. त्याने त्यांची हाक मोबाइलवर टिपून ठेवली होती. दोघांचा एकत्र आवाज. त्याच्या शेवटी जागेश्वर खाकरतो आणि हळूच म्हणतो, "झालं." तेवढं मी कापून टाकलं आणि त्या जागी ठोके बसवले.

मोबाइल मला सावित्रीबाईंनी दिला, त्याच्या बायकोने. कारण तोवर जागेश्वर राहिला नव्हता.

भादव्यातली गोष्ट. रानडुकरांसाठी कोणीतरी धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, तार ओढून तिच्यात करंट सोडला होता. पहाटे एक सारस त्यात अडकला. घरट्यावर नजर ठेवायला निघालेला जागेश्वर त्याला सोडवायला गेला. ऊन पडता पडता सावित्रीबाईंना दोघं शेजारी शेजारी सापडले. तार मात्र नव्हती. कोणीतरी गुंडाळून नेली होती, गवतावर नुसती काळी रेघ राहिली होती.

तेव्हा ग्रामसभेत ठराव झाला, ज्या बोडीवर सारसाची जोडी वहीत नोंदली जाईल, तिथे रात्रीची गस्त राहील. करंट लावणं एरवीही गुन्हाच, पण गावात गुन्ह्याला कोण भितो? गस्तीला भितात. दुसरीकडे जोडी गेली तर गस्तही तिकडे जाणार. गस्तीची माणसं मोजकी आहेत. म्हणजे सावित्रीबाईंच्या बोडीवर तार परत येणार की नाही, हे त्या एका वहीवर ठरणार होतं. त्या बोडीची वही आणि सातवा डबा बाईंकडेच दिलेला होता.

पौषात एक दिवस दुधराम दुकानात आला. त्याची बांधी, म्हणजे धानाचं शेत, त्या बोडीला लागूनच आहे. गिऱ्हाईक गेल्यावर काउंटरवर वाकून म्हणाला, "काका, ते बाई लबाडी करून राहिली."

"कोणती?"

"सावित्री. रोज दोन सारस लिवते. एक भादव्यात मेला, दुसरा उडून गेला. साऱ्या टोल्याले ठाऊक हाय. मंग हे दोन आले कुठून? तुमच्या डब्यातून?"

"तुला काय त्रास बाप्पा?"

"मले? डुकरं माझी बांधी नांगरून राहिले, फुकटात! तुमी कारीगर माणूस, जाऊन तपासा ना. खोटं निघालं तर नोंद काटा. गस्त हटली का मी माझं पाहून घेतो." मग त्याने आवाज खाली केला. "अन् श्रावणातली गोष्ट मी विसरलो, काका. तुमी बी विसरा."

ती गोष्ट आता तुम्हाला सांगतो, गुरुजी. श्रावणात दुधराम तार घ्यायला आला होता. अख्खं बंडल, वर करंटची तार खांबाला बांधायचे चिनी मातीचे गट्टू. त्या मालाने वालाचा मांडव घालत नाहीत, हे मला कळत होतं. तरी माझ्या विक्रीच्या वहीत मी 'मांडवासाठी' असंच लिहिलं. भादव्यानंतर चौकीवरून एक जण चौकशीला आला. मी वही दाखवली. त्याने ती ओळ वाचली, चहा घेतला आणि गेला. माझ्या अक्षरावर त्याने विश्वास ठेवला.

तर असा मी, सावित्रीबाईंची लबाडी पकडायला निघालो.

आधी सर्व्हिसिंगच्या नावाखाली बाकीचे सहा डबे परत मागवले. सेल काढले, डबे पोत्यात घातले, पोतं गाडीला बांधलं. म्हणजे तिने कोणाचा डबा उसना घेतला असेल, ही शंकाच नको. पहाटे साडेचारला निघालो. धुकं असं, की गाडीचा उजेड समोर भिंतीवर पडावा तसा दोन हातांवर थांबत होता. वाटेत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

सावित्रीबाई जाग्याच होत्या. ओसरीवर चूल पेटलेली. मला पाहून दचकल्या नाहीत. वाटच पाहत असल्यासारख्या म्हणाल्या, "बसा जी शेटजी. चहा मांडते."

"डबा पाहतो आधी."

डबा कोनाड्यात होता, ओढणीच्या तुकड्यात गुंडाळलेला. मी दिव्यासमोर धरला. आकडा होता तीन. हे तीन दाब माझेच, दुकानात तपासताना दिलेले. म्हणजे बाईंनी एकदाही बटन दाबलं नव्हतं. वही उघडली. एक्केचाळीस दिवस, रोजची तारीख, रोज एकच नोंद. उत्तर, दोन.

मनात म्हटलं, सापडली.

"बाई, बटन तर दाबलंच नाही तुम्ही. हाकच दिली नाही तर उत्तर कोण देते?"

त्यांनी चुलीत काटकी सारली. "कायले दाबू जी? न दाबताच येते."

"काय येते?"

"आवाज. दोघाइचा. बोडीतून."

"पक्षी पाहिले?"

"नाही पाहिले. वहीत पाहिले का म्हणून इचारलंच नाही मॅडमनं. ऐकलं का, इचारलं. ऐकलं, ते लिवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा भरोसा नसन, तर चला."

मी सातव्या डब्याचेही सेल काढले, खिशात घातले. डबा हातात धरला. पोतं गाडीवरून सोडवून खांद्यावर घेतलं. सातही डबे माझ्यापाशी, एकातही जीव नाही. आता जे वाजेल ते एक तर खरा पक्षी, नाही तर माझ्या डब्याची नक्कल. आणि नक्कल असेल तर ठोके सांगतील.

पाळीवर चढलो. बोडी दिसतच नव्हती, पायाखाली कुठेतरी पाणी आहे एवढं थंडीवरून कळत होतं. कुजलेल्या पेंढ्याचा वास, चिखलाचा वास. त्यातच मधूनमधून आणखी एक वास... चुलीत कोंबडीचं पीस पडल्यावर येतो तसा. मी मागे वळून पाहिलं. घराची चूल तर केव्हाच मागे राहिली होती.

"इथंच," बाई कुजबुजल्या. "आता बोलू नका."

किती वेळ गेला कोण जाणे. धुक्यातून नुसते थेंब टपकत होते.

आणि हाक आली.

गुरुजी, सारसाची हाक तुम्ही जवळून ऐकली असेल तर माहीत असेल, छातीत घुमते. नराचा एक लांब सूर, त्यावर मादीचे दोन आखूड. समोरच्या धुऱ्याकडून आली. दुधरामच्या बाजूने. मी ती हाक शंभरदा ऐकलेली होती, कानाला बांधून कापली, जोडली होती. तीच. तोच चढ, तेवढाच दम, मधे तीच खरखर. पक्षी दोनदा सारखा ओरडत नाही. ही भरलेली हाक होती.

म्हटलं, दुधराम! हाच इथे बसून वाजवतो, बाईला खोटं पाडायला. मी श्वास धरून शेवटाची वाट पाहिली.

ठोके आले. पेल्यावरचे नव्हते. ताणलेल्या तारेवर पक्कड आपटली की ती कशी लांबवर झणझणत जाते, तसे. एक... दोन... तीन... मी बोटं मिटत होतो. चार... पाच... सहा... सात.

सातवा डबा तर माझ्या हातात होता.

मग, जरा थांबून... आठ.

आणि मग कोणीतरी खाकरलं. अगदी जवळ. पाळीच्या खाली, पाण्याच्या काठाशी. "झालं."

मी कापून टाकलेला तुकडा, गुरुजी. तो जगात कुठेच उरलेला नव्हता. मोबाइलमधूनही मीच पुसला होता.

मला धावायचं होतं. सावित्रीबाई मात्र शांत उभ्या होत्या, नवऱ्याने हाक मारल्यावर बायको उभी राहावी तशा. पदराच्या गाठीतून त्यांनी काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मोबाइलचा उजेड पाडला.

अर्धी जळालेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. बंडलाला बांधतात ती. तिच्यावर तीन अक्षरं.

"त्याइच्या मुठीत होती," त्या म्हणाल्या. "पोलिसाले नाही देल्ली. कोणाले वाचता येईना. हे अक्षर तुमचं का जी?"

मी सराईत माणूस. अशा वेळी शंभर उत्तरं जिभेवर तयार असतात. अशी चिठ्ठी कोणीही लिहील, तार कोणीही विकतो, अंधारात नीट दिसत नाही. एक एक उत्तर मनात उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. धुक्यात तार अजून बारीक झणझणत होती.

"माझं," मी म्हटलं.

"मले ठाऊक होतं." त्यांनी चिठ्ठी परत घेतली नाही. "दुकानात बिल पायलं होतं तुमचं. तुमी म्हणता का, तेवढंच पाहाचं होतं." आणि वही माझ्यापुढे धरली. "आता आजचं तुमी लिवा. तुमी ऐकलं न?"

मी लिहिलं. भरलेली हाक मोजली नाही, नुसतं ते 'झालं' मोजलं. हाक नाही दिली. उत्तर, एक. पक्षी दिसला नाही. खाली सही केली. दुधरामला हवं ते नव्हतं ते, आणि बाईंना हवं तेही नव्हतं. बाईंनी वाचलं आणि वही मिटली.

त्या दिवशी दुकान उघडलं नाही. विक्रीची वही काढून बसलो. आठ ठोके का, हे कळेना. डबे तर सात. मग श्रावणापासूनची पानं उलटत गेलो आणि 'मांडवासाठी' या शब्दावर बोट ठेवत गेलो. दुधराम एकटाच नव्हता, गुरुजी. त्या एका हंगामात आठ जणांना मी अशी तार दिली होती. आठ बंडलं. प्रत्येकापुढे माझ्या सुंदर अक्षरात, मांडवासाठी. मी स्वतःही कधी मोजली नव्हती.

दुपारी चौकीवर गेलो. सावित्रीबाई आल्या. चिठ्ठी दिली, विक्रीची वही दिली, जबानी दिली. दुधरामला नेलं तेव्हा तो रस्त्यातून ओरडला, "काका, मले बुडवलं तं बुडवलं, सोता काऊन बुडले?" तारीख पुढच्या महिन्यात आहे, त्याचीही आणि माझीही. ग्रामसभेने मात्र गस्त तिथंच ठेवली. जोडी असो वा नसो. त्यासाठी सावित्रीबाईंना सभेत उभं राहावं लागलं. एकदाच बोलल्या, कोणी उलटून बोललं नाही.

मग मी उरलेल्या सात जणांच्या घरी एकेक करून गेलो. दुधरामची तार पोलिसांकडे जमा आहे. सहा जणांनी शिव्या देऊन का होईना, बंडलं परत केली. पाहा, त्या मांडणीखाली आहेत. पोलिसांकडचं धरून सात झाली. आठवा म्हणतो, "माझी तर चोरीले गेली, काका. अंगणातूनच. कोणी नेली, काय माहीत." खरं बोलतो की खोटं, कळत नाही. आणि बाहेर आता उन्हाळी धान उभं आहे. डुकरं रोज उतरतात.

सावित्रीबाई लेकीकडे, चेतनाकडे देवरीला गेल्या, गुडघ्याच्या दवाखान्यासाठी. जाताना वही आणि डबा माझ्याकडे ठेवला, आता त्यांच्या जागी नोंद तुम्ही ठेवणार. त्याला आज वीस दिवस झाले. त्या पहाटेनंतर बोडीवर कोणीच काही ऐकलं नाही, असं गस्तीची माणसं सांगतात. मला हायसं वाटलं होतं.

डबा त्या लोखंडी कपाटात आहे. मोठे सेल मी त्याच पहाटे काढले, ते परत घातलेच नाहीत. बटनावर काडेपेटी उलटी ठेवून चिकटपट्टी मारली आहे, म्हणजे कपाटात काही पडलं तरी दाबलं जाणार नाही. किल्ली माझ्या करगोट्याला असते. आकडा तीन होता, तुम्हाला सांगितलं. कपाटात ठेवताना तीनच होता.

दुसऱ्या सकाळी चार होता.

मी सिद्धांत लावला. पाल असेल. कपाट रिकामं केलं, धुतलं, फटी बुजवल्या. पाच. चिकटपट्टी तशीच, काडेपेटी तशीच. सहा. आवाज नाही, हाक नाही. नुसतं कोणीतरी रोज पहाटे दाबून जातं आणि उत्तराची वाट पाहतं.

घ्या, हा डबा. धरा दिव्यासमोर. काल बावीस होता. आज मी पाहिलेला नाही, मुद्दाम तुमच्यासाठी ठेवला.

मोठ्याने नका वाचू. लिहा. वहीत आजची तारीख घाला आणि दिसतो तोच आकडा घाला, कमी नको, जास्त नको, मला बरं वाटावं म्हणून तर नकोच. उद्या पहाटे पाळीवर जाल तेव्हा टॉर्च आभाळाकडे नका धरू, पायाजवळ धरा, आणि धुऱ्यावर पाऊल टाकायच्या आधी दोनदा पाहा. जे ऐकाल ते ऐकलं म्हणून लिहा, जे नाही ऐकलं ते कोणाच्याही भल्यासाठी लिहू नका.

चहा निवला, गुरुजी. घ्या. आणि हिशेब खरा ठेवा. एवढी माझी विनंती आहे. तिकडे कोणीतरी आपला हिशेब मोजतं आहे, आणि त्याचा अजून जुळलेला नाही.